दाराशेजारची पावलं

माझा इंदूरचा दोस्त दिगू गेल्याची तार ग्वाल्हेरला पोचली तेव्हा आम्ही इंदूरला परतायच्या तयारीत होतो. मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. सरकारला हवा मानवावी म्हणून वर्षातून दोनदा कपाटं, फायली आणि आम्ही कारकून एकाच तऱ्हेनं बांधले जातो. “सरकार माहेरी निघालं,” असं दिगू म्हणायचा.

तो शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. उरलेल्या वेळात लाकडी फळीवर चित्रं कोरून ती कागदावर छापायचा. नवं राज्य झालं त्या दिवाळीत त्यानं दाराशेजारी लावायला लक्ष्मीची पावलं कोरली, बाजूला समई. सराफ्यामागच्या त्याच्या घराच्या दाराला भिंत फक्त उजवीकडं, डावीकडं जिना. म्हणजे पावलं डावीकडं, दाराकडं जायला हवीत. दिगूनं ती फळीवर तशीच कोरली. एरवी उलटं कोरण्यात मुरलेला माणूस, पण देवीची पावलं म्हटल्यावर हाताला रांगोळीची सवय आठवली असणार. छापात डावं-उजवं उलटतं हेच तो विसरला. कागद भिंतीला लागल्यावर त्याच्या आईनं, आमच्या काकूंनी, शांतपणे विचारलं, “दिगू, लक्ष्मी तर बाहेर चालली रे. आणि कागद फिरवून लावावा तर समई डोक्यावर उभी.”

“बाहेर जाणाऱ्यालाच देऊ मग, भिया,” असं इंदुरी थाटात म्हणत त्यानं तो कागद मला दिला. पुढं तो रिवाजच झाला. दर दिवाळीनंतर, मी ग्वाल्हेरला निघायच्या आधी, तो त्याच फळीवरून मला एक छाप काढून द्यायचा. पण त्याआधी फळीतलं काहीतरी तासून टाकायचा. आधी पावलांची बोटं गेली. मग समई गेली, नुसती ज्योत राहिली. मग पावलांचे काळे डाग झाले, टाचेकडं जरा निमुळते. तासलेलं लाकूड परत येत नाही. इतकी ओळखीची खूण पुसून काय मिळवतोस, एक अंगठा तरी राहू दे, असं मी दरवर्षी विनवायचो.

एका प्रदर्शनात उद्घाटनाला आलेले मंत्री त्या डागांसमोर उभे राहून नव्या राज्याच्या वाटचालीवर बोलले, गळ्यातला हार सुकेपर्यंत. “चलो,” दिगू माझ्या कानाशी पुटपुटला, “किसी को तो चलता दिखा.”

गेल्या दिवाळीनंतर मी निघताना पुन्हा तोच विषय काढला. तो म्हणाला, “तू गेलास की इथं तुझी खुर्ची रिकामी असते. तिच्यावर तुझा फोटो ठेवावा लागतो का मला? दिसतोसच ना... पावलांचंही तसंच.” मग फळी पुसत म्हणाला, “उन्हाळ्यात ये. तासणं कुठं थांबवायचं ते दोघं मिळून ठरवू.”

मी आलो तेव्हा काकूंनी ती फळी माझ्या हातात दिली. त्या छापानंतर त्यानं तिला पटाशी लावली नव्हती.

“एक कागद काढतोस का?” त्या म्हणाल्या. “भिंतीला लावीन.”

मी कागद कापला, शाई घेतली... आणि थांबलो. फळीच उचलून दाराच्या उजवीकडं भिंतीला टेकवली. ज्योत वर. आणि इतकी वर्षं माझ्या कागदांवर बाहेर जाणारे ते डाग दाराकडं निघालेले.

काकू बघत राहिल्या. मग आत जाताना त्यांनी दार ओढून घेतलं नाही.

फळी अजून तिथंच आहे. कचेरीतून परतताना मी जातो, चहा घेतो, दिगूच्या रिकाम्या खुर्चीकडं बघणं टाळतो. त्या दिवशी कापलेला कागद माझ्याकडं कोराच आहे. या हिवाळ्यात ग्वाल्हेरला तोच नेणार आहे.