फक्त शैक्षणिक वापरासाठी

वर्षावास सुरू झाल्यावर विहाराच्या भोंग्यातून गोपाळ रिक्षावाल्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा सिद्धोधन वाव्हळे स्वयंपाकघरात दोडके चिरत बसले होते. गोपाळ मनापासून वाचत होता, पण जोडाक्षर आले की त्याची जीभ खड्ड्यात गेलेल्या चाकासारखी आदळायची आणि वाक्य तिथेच आडवे व्हायचे. सिद्धोधन यांच्या ओठांनी ते वाक्य नकळत उचलून पुरे केले. इतक्यात आतल्या खोलीतून पत्नी चांगुणाबाईंनी हाक मारली.

"अवो, कुठं हाव?"

"हितंच हाय."

एवढ्या उत्तरावर त्यांचे समाधान झाले. थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा आला, आणि तेच उत्तर पुन्हा गेले.

पालमच्या त्या विहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. सिद्धोधन तिथल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागले, त्या वर्षीपासून वाचनाची जागा त्यांचीच होती. कार्यालयात दिवसभर इतरांच्या सह्यांची वाट पाहणारा हा माणूस संध्याकाळी पांढरा सदरा घालून माइकसमोर बसला की निराळाच वाटे. बायका हातातले काम टाकून येत. म्हातारी माणसे म्हणत, सिद्धोधन वाचतो तवा कळतंय. नोकरीत बढती एकदाच मिळाली, तीही उशिरा. पण या जागेसाठी त्यांना कोणाकडे अर्ज करावा लागला नव्हता.

गेल्या वर्षीच्या वर्षावासात ते असेच वाचत असताना चांगुणाबाई न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. त्या हाका मारत राहिल्या. पण गल्लीभर नवऱ्याचाच आवाज घुमत होता, आणि त्या आवाजाखाली त्यांची हाक कोणाच्या कानावर गेली नाही. वाचन संपवून सिद्धोधन घरी आले, तेव्हा त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. ऑपरेशन झाले, वॉकर आला, हळूहळू पावलेही पडू लागली. भीती मात्र गेली नाही. दिवेलागणीला घर गप्प झाले की त्यांच्या हातापायांना कंप सुटे. घरात कोणी बोलत असले, मग ते टीव्हीतले का असेना, की तो थांबे.

टीव्ही होता तोवर निभावले. रोज संध्याकाळी एका मोठ्या घरातल्या तीन सुनांची मालिका लागे. चांगुणाबाई तिच्यात गुंतल्या की सिद्धोधन यांना तासभर बाहेर पडता येई. वर्षावासाच्या तोंडावर, आषाढात एका दुपारी वीज कडाडली आणि टीव्हीच्या पडद्यावर काळोख पसरला तो पसरलाच; वाचनाची जागा गोपाळकडे गेली. पुण्याला असलेला मुलगा धम्मानंद म्हणाला, दिवाळीला नवा घेऊ. दिवाळीपर्यंत वर्षावास कधीच संपून गेलेला असणार, हे सिद्धोधन यांनी त्याला सांगितले नाही. रेडिओ आणून पाहिला, त्यात खरखर जास्त आणि माणूस कमी. आपल्या मोबाइलवर मालिका लावून दिली, तर चांगुणाबाई डोळे बारीक करून म्हणाल्या, "ह्या काय मुंग्या नाचायल्यात?"

तेव्हा कपाटातल्या टॅबची आठवण झाली.

तो टॅब नात संघप्रियाचा. बारावीला ती आजोबांकडेच शिकायला होती. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना परभणीच्या एका प्रशिक्षण संस्थेने टॅब दिले होते, त्यातला हा एक. परीक्षेत तिचा नंबर लागला नाही. ती नर्सिंगला गेली आणि टॅब कपाटात राहिला. फोनवर ती म्हणाली, "वापरा की आजोबा. पण त्याच्यात काही येत नाही हं, आधीच सांगते."

सिद्धोधन यांना ते पटले नाही. एवढी मोठी काच, एवढा स्वच्छ पडदा, आणि त्यात काही येत नाही म्हणजे काय? त्यांनी चष्मा लावून एकेक चित्र दाबून पाहिले. मालिकांचे ॲप नव्हते. शेजारच्या मनकर्णाबाईंच्या मुलीच्या फोनवर दिसते ते लाल चित्रही नव्हते. ज्या दुकानातून ॲप उतरवून घेतात, ते दुकानच या टॅबमध्ये नव्हते. होता तो एक कॅल्क्युलेटर, एक शब्दकोश आणि संस्थेचे अभ्यासाचे ॲप. ते उघडले की 'अभ्यासक्रमाची मुदत संपली आहे' अशी पाटी येई. नमुना म्हणून ठेवलेला एकच पाठ तेवढा चाले. त्यात एक तरुण शिक्षक बेडकाची पचनसंस्था समजावून सांगत होता.

एका संध्याकाळी सिद्धोधन यांनी तोच पाठ लावून दिला आणि चपलेत पाय घातला. कोपऱ्यापर्यंत पोहोचले नसतील तोच फोन वाजला.

"अवो, मास्तर गप बसला."

ते परतले, पाठ पुन्हा लावला. आठवडाभर हेच चालले. शेवटी चांगुणाबाईंनीच टॅब उशीखाली सारला. "त्या बेडकाचं पोट मला पाठ झालंय आता. मेल्याला दुसरं काही येत न्हाई का? तीन सुनांचं काय झालं ते तरी सांग म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सिद्धोधन टॅब पिशवीत घालून बसस्टँडजवळच्या हरिओमच्या मोबाइल दुकानात गेले. हरिओमने तो हातात घेतला, मागची चिठ्ठी वाचली आणि हसला.

"काका, ह्ये कुलूपबंद हाय. पोरांनी पिच्चर बघू नये म्हणून कंपनीनंच बसवलंय."

"मग किल्ली कुणाकडं?"

"किल्लीबिल्ली काय न्हाई. फ्लॅश मारायचं. समदं पुसून कोरं करतो, मंग काय पाह्यजे ते टाका. पालमातले लय टॅब म्याच कोरे केलेत. च्या प्या तवर, होतंय."

सिद्धोधन यांनी हात पुढे करून टॅब परत घेतला. मागच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत छापले होते, 'फक्त शैक्षणिक वापरासाठी'. ती अक्षरे त्यांनी आतापर्यंत अनेकदा पाहिली होती. पण तिसऱ्या माणसाच्या दुकानात ती निराळी दिसली.

"संस्थेची परवानगी लागल."

हरिओमने त्यांच्याकडे नीट पाहिले. ते चेष्टा करत नाहीत, हे कळल्यावर तोच गंभीर झाला. "काका, परवानगी कोण देतंय? तुमी गेलाव तर त्यास्नी तुमचा टॅब आठवल. न्हाई गेलाव तर कुणाला आठवणार हाय?"

"म्हणूनच जायला पाह्यजे."

"तुमी रिटायर झालाव काका. ऑफिस सुटलंय तुमचं."

सिद्धोधन यांनी टॅब पिशवीत घातला. आपला हेतू वाईट नाही. आजारी बाईसाठी चार ॲपे लागतात, एवढेच सांगायचे आहे. सरळ सांगितले की माणूस समजून घेतो, असे त्यांना वाटत होते. असे वाटण्यापायी नोकरीत त्यांच्या या टेबलावरून त्या टेबलावर बदल्याही झाल्या होत्या. पण त्या त्यांच्या मते वेगळ्या कारणाने.

मनकर्णाबाईंना घरी बसवून ते सकाळच्या एसटीने परभणीला गेले. बस गचके खात चालली होती. मांडीवरची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. आपण हे नेमके कोणासाठी करतो आहोत, असा विचार मध्येच मनात येऊन गेला. चांगुणेला मालिका हवी, हे खरे. पण तिला आवाज हवा आणि आपल्याला तो तासभर, हेही खरे. दिवसभर धुणे, भांडी, गोळ्या, तिला उठवणे, बसवणे, आणि त्या एका प्रश्नाचे ते एक उत्तर. त्यांना तिचा कंटाळा आला नव्हता. थकवा आला होता. हे दोन्ही वेगळे आहेत, हे कोणाला समजावून सांगण्याइतके बळही आता उरले नव्हते.

संस्थेचे कार्यालय एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होते. टेबलामागे निकिता नावाची एक मुलगी बसली होती. गळ्यातल्या ओळखपत्रावरून नाव कळले. सिद्धोधन यांनी सगळे क्रमाने सांगितले: नातीचे नाव, वर्ष, पत्नीचे ऑपरेशन, जळालेला टीव्ही, बेडूक. बेडकाला ती हसली. मग तिचे हसू ओसरले.

"काका, नातीची परीक्षा कधीच झाली ना?"

"झाली."

"मग हा टॅब तुमच्याकडं कसा काय?"

"म्हणजे?"

तिने दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "परीक्षा झाली की जमा करायचा असतो. कुणीच करत नाही. आम्हीही मागत नाही. तुम्ही पहिलेच आलात. एक करा, हा पिशवीत घाला आणि घरी जा. तुम्ही आलाच नव्हता."

तिने एवढे केले होते. पिशवीही समोर उघडी होती. सिद्धोधन यांनी पिशवीकडे पाहिले, टॅबकडे पाहिले, आणि जन्मभर ज्याला त्याला विचारत आले तेच विचारले.

"नियम काय हाय?"

मुलीने कपाळावर हात नेला. "नियम म्हणजे… जमा."

त्यांनी रुमालाने टॅबची काच पुसली. चार्जर गुंडाळून त्यावर ठेवला. मग म्हणाले, "पोहोच द्या, बाई. माझ्या नातीच्या नावानं द्या. उद्या तिला कुणी बोलाय नको."

पालमला उतरले तेव्हा दिवस कलला होता. मनकर्णाबाई चहा ठेवून घरी गेल्या. चांगुणाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले, मग रिकाम्या पिशवीकडे.

"काढून घेतला?"

"काढून न्हाई घेतला."

"मग?"

"जमा करायचा होता. म्या जमा केला."

चांगुणाबाईंचे खांदे हलू लागले. सिद्धोधन यांना वाटले कंप सुटला. ते लगबगीने पुढे झाले. पण त्या हसत होत्या. खुब्यात कळ येऊ नये म्हणून एका हाताने खाटेची कड धरून हसत होत्या.

"आवो, परभणीला जायाचं भाडं भरून देऊन आलाव? लोकं घेऊन येतेत, तुमी पोचवून आलाव. आन् पावती बी आणली असल!"

"पोहोच घेतली."

"घेतली की न्हाई! मला ठावं होतं." डोळे पुसता पुसता त्या थांबल्या. "लय बेजार झालाव तुमी."

सिद्धोधन पायाशी बसले. बाहेर भोंगा खरखरला. गोपाळने घसा साफ केला, सुरुवात केली, आणि पहिल्याच ओळीत अडकला.

"जावा," चांगुणाबाई म्हणाल्या.

"राहू दे."

"जावा म्हणते ना. तो गोपाळ रोज ग्रंथाचे हाडं मोडायलाय. माझे मोडले तेवढे बस झाले. वॉकर जवळ ठेवा, लाइट लावा, दार उघडं ठेवा. सदरा खुंटीला हाय."

"आन् तुला…"

"माझं मी बघते. जावा."

त्यांनी सदरा घातला, चांगुणाबाईंनी सांगितले तसे सगळे केले, आणि ते निघाले. ओट्यावरून खाली उतरतात न उतरतात तोच आतून चांगुणाबाईंचा आवाज आला. हाक नव्हती. त्या मोठ्याने त्रिसरण-पंचशीलाची वंदना म्हणत होत्या, सभेत म्हणावे तसे. ती संपायला कितीसा वेळ लागणार? संपली. सिद्धोधन यांनी मागे वळून पाहिले. मग पुन्हा तोच आवाज, जरा कापरा, पण खणखणीत करण्याचा प्रयत्न असलेला.

"मंग थोरली सून काय म्हणली, किल्ल्या माझ्याकडं राहतील. मधली उठली. मधली लय कजाग. ती म्हणली, तुझ्या बापानं आणल्यात का किल्ल्या…"

रिकाम्या खोलीला त्या मालिका सांगत होत्या. पुढचे भाग त्यांनी पाहिले नव्हते. पण त्यांचे काही अडत नव्हते. मध्येच दम लागे, क्षणभर शांतता होई, आणि सून पुन्हा बोलू लागे. सिद्धोधन फाटकाशी उभे राहिले. परत आत जावे, तर तिने घेतलेले हे कष्ट मोडल्यासारखे होईल. ते विहाराकडे चालू लागले. कोपऱ्यानंतर चांगुणाबाईंचा आवाज ऐकू येईना.

त्यांना पाहून गोपाळ आनंदाने बाजूला सरला. "जय भीम, काका. या बाबा, सोडवा मला."

सिद्धोधन माइकसमोर बसले. बायकांनी पदर सावरले. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि सभेत ती ओळखीची शांतता पसरली. शब्द नीट येत होते. पण या भोंग्याखाली पुन्हा कोणाची हाक दबत असेल, हा विचार प्रत्येक पूर्णविरामाला समोर येऊन उभा राही. पान उलटायची वेळ आली. प्रकरण अजून बरेच होते. आजवर त्यांनी प्रकरण अर्ध्यावर कधी सोडले नव्हते. त्यांनी ग्रंथात खूण ठेवली, तो गोपाळकडे सरकवला, हात जोडले आणि ते उठले.

"काका, येवढंच?"

"पुढचं तू वाच. हळू वाच, म्हणजे अडकणार न्हाईस."

घराच्या ओट्यावर ते आले तेव्हा आत शांतता होती. त्यांनी चपलांसकट उंबरा ओलांडला. चांगुणाबाई खाटेवर, भिंतीला टेकलेल्या; ओठ कोरडे, हातात रिकामा तांब्या. कंप होता, थोडासा.

"इतक्यात आलाव?" त्यांनी विचारले. आवाज बसला होता.

सिद्धोधन यांनी तांब्या घेतला आणि पाणी आणायला वळता वळता म्हणाले, "आजचं प्रकरण लहान होतं."