चार इसा आठ

"कुठनं चोरलंस?"

सरांनी भर वर्गात विचारलं. माझ्या हातात खडू होता. फळ्यावर मी ७७४४ लिहिलं होतं आणि उत्तर बरोबर होतं.

नववीत होते मी. आम्ही मूळचे निरवांगीचे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकली, बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागले, आणि आम्ही पिंपळीत भाड्याच्या खोलीत राहायला आलो. शाळा बारामतीची. दोन दिवस आधी सरांनी कोडं घातलं होतं. चार अंकी संख्या शोधा, पहिले दोन अंक सारखे, शेवटचे दोन सारखे, आणि ती कशाचा तरी पूर्ण वर्ग हवी. जो आधी सोडवेल तो पुण्याला गणिताच्या स्पर्धेला जाईल. जागा एकच होती. ती कारखान्याच्या संचालकांच्या मुलीला मिळणार, हे सगळे धरूनच चालले होते.

मला ती जागा हवी होती. फार हवी होती. भाकरी थापताना, पाणी भरताना डोक्यात तेच. मग कळलं, अशा संख्येला अकरानं भाग जातोच. म्हणजे जिचा वर्ग करायचा तिलाही अकरानं भाग जायला पाहिजे. तेहेतीसपासून नव्व्याण्णवपर्यंत सातच संख्या उरल्या. सातही वर्ग करून पाहिले. एकच बसला.

"कितीचा वर्ग?" सरांनी विचारलं.

मी घाबरले होते. तोंडातून घरचंच निघालं. "चार इसा आठ."

म्हणजे चार वेळा वीस आणि वर आठ. अठ्ठ्याऐंशी. आबा मेंढरं अशीच मोजायचे. वीस झाली की एक खडा बाजूला. मी मोजायला शिकले ती त्यांच्याजवळ बसून. वर्ग फिदीफिदी हसला. संचालकांची मुलगी तर बाकावर डोकं टेकून हसत होती. सर म्हणाले, "मेंढरं मोजून वर्ग निघतात होय? कुठनं चोरलंस?"

"मी रीत सांगते सर."

"बस खाली. उद्या बापाला घेऊन ये."

त्या दिवशी घरी जाऊन मी सर्वांत वाईट गोष्ट केली. आबांना म्हणाले, "चारचौघांत इसा-इसा करत जाऊ नका. लाज वाटती." त्यानंतर आबा मनात मोजायला लागले. ओठ हलायचे, आवाज नसायचा. ते आठवलं की आजही मला स्वतःची किळस येते.

दुसऱ्या दिवशी आबा पाळी संपवून तसेच सरांच्या खोलीत आले. अंगाला दुधाचा आंबूस वास. चपला दाराबाहेर काढल्या. आबा वयानं सरांपेक्षा मोठे, पण सर त्यांना अरे-तुरेच करत होते. खुर्ची रिकामी होती. बस म्हणाले नाहीत. कागद पुढं सरकवला. 'उत्तर चोरले, पुन्हा असे करणार नाही.' खाली आमच्या दोघांच्या सह्या हव्या होत्या.

"आबा, मी चोरलं न्हाय."

"गप. शाळा सुटंल तुजी." मग सरांकडं वळून हात जोडले. "पोरगी हाय सर. चुकलं आसंल."

आणि सही केली. एकेक अक्षर दाबून. ती सही त्यांना मीच शिकवली होती.

सरांनी पेन माझ्याकडं केलं. मी ते टेबलावर ठेवलं. सर म्हणाले, "मग पुणं विसर." मी विसरले नाही, पण गेलेही नाही. संचालकांची मुलगी गेली.

संध्याकाळी जेवताना आबांनी हळूच विचारलं, "काय कोडं हुतं गं?"

मी सगळं सांगितलं. अकराचं, सात संख्यांचं. आबा शाळेत कधी गेले नव्हते, पण हिशोबाला पक्के. मला पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "मंग बराबर हाय की तुजं." आणि घास ताटात ठेवून रडायला लागले. "आन् म्या सही किली."

आबांना मी कधी दोष दिला नाही. त्यांना माझी शाळा वाचवायची होती.

सहा वर्षांनी सर निवृत्त झाले. सत्काराचं आमंत्रण द्यायला वर्गातल्या दोघी पिंपळीला आल्या. मी त्या वेळी गणित घेऊन बी.एस्सी. करत होते. म्हणाल्या, "चल की, पाया पड. झालं गेलं गंगेला मिळालं."

मी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, येणार नाही. गंगेला काही मिळालेलं नाही. माझा बाप त्या खोलीत उभा राहून खोटं लिहून देऊन आला. ज्यानं ते लिहून घेतलं त्याच्या पाया मी पडणार नाही. आज नाही, तो मेल्यावरही नाही.