बागेखालची ताई

मी मेलबर्नला निघाले त्या दिवशी गाडी दारात उभी असताना आई मला कॉलनीच्या बागेत घेऊन गेली. माझे वडील, आबा, घड्याळ बघत होते. घसरगुंडीमागच्या कडुनिंबाखाली थांबून आई म्हणाली, "ताईले सांगीसन निंघ."

ही ताई मी कधी पाहिली नाही. माझ्याआधीची, बोलायला लागण्याआधीच तापानं गेलेली. तान्ह्या लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. तेव्हा तिथे माळरान होतं आणि धुळ्याच्या त्या बाजूची लेकरं तिथेच जात. मग गाव वाढलं. जमीन सपाट झाली, कुंपण आलं, झोके लागले. खाली काय आहे, हे कुणी बोलत नसे. मी त्याच झोक्यांवर वाढले. आई मात्र बाकावर कधी बसली नाही. कडुनिंबाखाली जमिनीवर बसायची.

आबा वारल्यावर मी तिला न्यायला धुळ्याला गेले. व्हिसा, तिकीट, तिची खोली, सगळं तयार होतं.

"इथे एकटी कशी राहशील?"

"मी कोठे एकली शे?"

मी चिडले. जी कधी मोठीच झाली नाही तिच्यासाठी ही थांबणार, आणि मी जिवंत असून परकी? तिला ते कळलं असावं. संध्याकाळी म्हणाली, "चाल मनासंगे."

बागेत आता ओपन जिम आहे, वॉकिंग ट्रॅक आहे. पोरं रील काढत होती, बाकावर कुणाचा तरी केक कापला जात होता. पलीकडे पंपाच्या खोलीजवळ एक म्हातारी गवतावर तळवा टेकून बसली होती.

"कोण त्या?"

"फैजपूरनी शे. तिना पोऱ्या शे तठे."

मग मला दिसायला लागलं. कुंपणाजवळ एक बसली होती. कारंज्यामागे आणखी एक. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्यांच्यामधून मुलं ओरडत पळत होती आणि त्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या, जणू आपलंही त्यांत असावं.

घरी येऊन मी आईचं तिकीट रद्द केलं.

तुमच्यापैकी जे दूर गेलेत, ते विचारतात, इतक्या वर्षांनी घर कुठलं वाटतं? इथल्या, मेलबर्नच्या बागा सुंदर आहेत, पण गवतावर बसायला मला धीर होत नाही. खाली कोण आहे, ते मला ठाऊक नसतं. धुळ्यात ठाऊक आहे.