आत्यांचं जर्मन आणि माझी अंबाडी

ज्या मुलीला वाचायला त्रास होतो, तिला मदत व्हावी म्हणून मी घरभर चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या. फ्रिजवर फ्रिजचा जर्मन शब्द, दारावर दाराचा, आरशावर आरशाचा. आणि काही कमी पडायला नको म्हणून प्रत्येक शब्द तीन लिप्यांत. रोमन, देवनागरी आणि तेलुगू. गॅसच्या सिलिंडरलाही मी सोडलं नाही. त्याच दुपारी सिलिंडर बदलायला आलेला माणूस तो चिठ्ठीसकट घेऊन गेला, त्यामुळे चिक्कडपल्लीतल्या कुणाच्या तरी ओट्याखाली माझ्या अक्षरातलं जर्मन आजही असेल. माझी लेक यशू शाळेतून आली, तिनं एकदा घरभर नजर फिरवली, दप्तर ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन बसली. बाल्कनीत मी काही लावलं नव्हतं, कारण तिथं चिठ्ठ्या वाऱ्यानं उडतात.

एवढं वाचून तुमचं माझ्याबद्दल जे मत झालं असेल, तेच माझ्या बायकोच्या, म्हणजे सुजाताच्या आत्यांचं त्याच संध्याकाळी झालं, आणि त्यांनी ते माझ्याच घरचा चहा पीत, मला समोर बसवून सांगितलं. या आत्यांइतकी प्रत्येक गोष्ट उलट्या टोकानं धरणारी, आणि तरी शेवटी ती सरळच बसवून दाखवणारी दुसरी बाई अख्ख्या हैदराबादेत नाही. जर्मनीत असल्यास मला कल्पना नाही. नांदेडकडून वडिलांच्या नोकरीपायी इथं आलेल्या कुटुंबातली ही मुलगी कॉलेजात नाव घालायला गेली, तेव्हा खिडकीपलीकडचा कारकून तिच्या आडनावाकडे बघून म्हणाला, "तुम्हाला झेपेल असं काहीतरी सोपं घ्या." त्या रागात त्यांनी त्या भिंतीवर लावलेल्या विषयांतला सगळ्यात अवघड दिसणारा विषय घेतला. "तो बाबा काही बोलला नसता तर मी सोपंच घेणार होते," आत्या सांगतात. "त्याच्यामुळं जर्मन गळ्यात पडलं, आणि मग आवडायलाच लागलं. आता करता काय!" नारायणगुड्यातल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर तेच शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर, शाळांनी हात टेकलेली पोरं घरी बोलावून शिकवायला घेतली. इतर शिकवणीवाले हुशार पोरं निवडून घेतात. आत्यांकडे प्रवेश मिळायला आधी कुणीतरी "याला नाही जमणार" असं म्हणावं लागायचं.

यशूच्या बाबतीत तसं म्हणून झालं होतं. यशू तेव्हा आठवीत होती. डिस्लेक्सिया आहे हे आम्हाला दुसरी-तिसरीतच कळलं होतं. म्हणजे डोकं लख्ख, बोलायला लागली तर समोरचा वकील गप्प बसावा. पण छापील ओळ पुढं आली की ती ओल्या साबणासारखी तिच्या हातून निसटायची. त्या वर्षी तिनं हौसेनं जर्मन घेतलं आणि पहिल्याच लेखी चाचणीत सगळं पाणी पाणी झालं. मुख्याध्यापिकांनी आम्हाला बोलावून फार गोड आवाजात सांगितलं की, अशा मुलांना परकीय भाषेतून सूट देता येते. तरी महिन्याभरानं एकदा तोंडी घेऊन बघू, नाही जमलं तर जर्मनच्या तासाला तिला लायब्ररीत बसू दे. वाचता येत नाही म्हणून लायब्ररीत! पण ही गंमत मला त्या वेळी दिसली नाही. मला आनंदच झाला. लहानपणी मला गणितातून कुणी अशी सूट दिली असती, तर मी अख्ख्या शाळेला पेढे वाटले असते.

"सूट तुम्हाला पायजे का तिला?" आत्यांनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

"तिच्या भल्यासाठीच हो, आत्या. आधीच इंग्रजी आहे, हिंदी आहे, तेलुगू आहे…"

"हौ. पण तिला इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. आत्यांनी बाल्कनीकडे तोंड करून हाक मारली, "यशे, जर्मन कामून घेतलीस गं?" यशू तिथूनच म्हणाली, "पहिल्या दिवशी तिथं कुणालाच काही येत नव्हतं. मला तो वर्ग आवडला." आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून आपण होऊन चिठ्ठ्या काढायला लागलो. त्यांनी त्या सगळ्या गोळा करून पिशवीत घातल्या. मला वाटलं, शिकवताना वापरतील. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो तर माझ्या तिन्ही लिप्यांवर भुईमुगाच्या शेंगांची टरफलं पडलेली होती.

आत्यांच्या शिकवणीत कागद नव्हता. पोरं पुढं लिहायची, पण आधी ती भाषा त्यांच्या हातापायांतून जायची. जर्मनमध्ये प्रत्येक वस्तूला लिंग असतं आणि ते आपल्या अंदाजानं कधीच नसतं. चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी दोन्ही नाही. त्यासाठी आत्यांनी कपडे वाळत घालायचे चिमटे आणले होते. पुरुषाला निळा, बाईला लाल, दोन्ही नाही त्याला हिरवा. त्यांच्या घरातली खुर्ची, कढई, पडदा, छत्री, सगळं चिमटे लावून उभं असायचं, आणि पोरं डोळे मिटून सांगायची, "छत्री निळी, दार लाल." एकदा यशूला न्यायला गेलो असताना मी मध्येच काहीतरी शहाणपणा केला म्हणून आत्यांनी माझ्या कॉलरला मागून निळा चिमटा लावला. तो तसाच घेऊन मी कोठीच्या बसमध्ये चढलो. सगळी बस माझ्याकडे बघून हसत होती. मला वाटलं, नवा शर्ट दिसतोय लोकांना. शेवटी कंडक्टरला राहवलं नाही. "क्या मियाँ," तो म्हणाला, "सूखने कू निकले क्या?"

वाक्य शिकवायची त्यांची तऱ्हा याहून वरची होती. जर्मन माणूस म्हणे बरेचदा क्रियापद अगदी वाक्याच्या शेवटी टाकतो, तोवर ऐकणाऱ्यानं श्वास धरून बसायचं. "आपल्यासारखंच की!" आत्या पोरांना सांगायच्या. "मराठीत, तेलुगूत आपण काय वेगळं करतो? इंग्रजीवाल्यांनाच तेवढं जड जातंय." मग एकाच्या हातात वाटी, एकाच्या हातात झारा, आणि क्रियापद झालेल्या पोराच्या हातात लाटणं. आत्यांनी टाळी वाजवली की लाटणंवाल्यानं पळत जाऊन रांगेच्या शेवटी उभं राहायचं. वाक्यं लांबत जायची तशी रांग स्वयंपाकघरातून निघून जिन्यावर पोचायची. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा तक्रार करायला वर आले, तर आत्यांनी त्यांच्या हातात वाटी दिली आणि त्यांना वाक्यात उभं केलं. ते बिचारे 'काल' हा शब्द झाले होते. जाताना तक्रार करायची राहून गेली.

पण हे सगळं मी सोसलं असतं. न सोसवणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे आत्यांचं थांबणं. प्रश्न विचारला की त्या थांबायच्या. आपण थांबतो तसं नव्हे. आपण दोन क्षण थांबतो आणि मग 'अगं सांग ना' म्हणतो. आत्या प्रश्न विचारून अंबाडीची जुडी पुढं ओढायच्या आणि पानं खुडायला लागायच्या. पोराकडे बघायचंसुद्धा नाही. दूध उतू जावो, दारावर कुणी बेल वाजवो, इकडे उत्तर येईपर्यंत अंबाडी चालू. यशू मनात शब्द शोधतेय, तोंड उघडतेय, मिटतेय, आणि मी दारात उभा राहून घामाघूम. मला थांबता येत नाही. हा माझा जन्मजात दोष आहे. मी सिग्नलला उभा असताना शेजारच्या रिक्षावाल्याला रस्ता सांगतो. तिथंही मी चारदा यशूच्या आधी उत्तर ठोकून दिलं, आणि चारही वेळा चुकीचं. आत्यांनी मान वर न करता विचारलं, "जावईबापू, परीक्षेला कोण बसणारे?"

"यशू."

"मग तुम्ही कामून पास व्हायलात?"

तोंडीचा दिवस उजाडला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत एका बाजूला त्या स्वतः, शेजारी जर्मनच्या तरुण मॅडम, समोर यशू, आणि भिंतीलगत मी नि आत्या. मी खास इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत्यांनी कापडी पिशवी आणली होती. मला वाटलं, काही खायला आणलंय. मॅडमनी जर्मनमधून विचारलं, आज काय काय खाल्लंस? साधा प्रश्न. यशूनं वर छताकडे पाहिलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मी पुढं सरकून तोंड उघडणार, तोच माझ्या मांडीवर काहीतरी गार आणि ओलं येऊन पडलं. अंबाडीची अख्खी जुडी.

"निवडा," आत्या कुजबुजल्या.

मी निवडायला लागलो. इस्त्रीच्या शर्टात, शाळेच्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत, मांडीवर अंबाडी घेऊन. मुख्याध्यापिका आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग यशूकडे, मग त्यांनी घसा खाकरला. तो घसा मला ओळखीचा वाटला. "असू दे बाळ, काही हरकत नाही" या वाक्याआधी माणूस असाच खाकरतो. आत्या उठल्या, टेबलापाशी गेल्या आणि दुसरी जुडी त्यांच्यापुढं ठेवून म्हणाल्या, "मॅडम, थोडा गोंगुरा. पप्पू में अच्छा लगता. तब तक बच्ची बोल लेती." त्या बाईंना काय वाटलं देव जाणे, पण जन्मभर गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीचीच, डाळ खाल्लेला हात आपोआप पुढं झाला आणि त्या पानं खुडू लागल्या. यशूनं ते पाहिलं. तिचे खांदे खाली आले. टेबलाखाली तिचा उजवा हात हळूच डावीकडून उजवीकडे सरकताना मला दिसला, आणि शेवटी मूठ मिटली. ते लाटणं होतं. ते रांगेच्या टोकाला नेऊन ठेवल्यावरच ती बोलायला लागली, आणि एक लांबलचक वाक्य न अडखळता बोलून गेली.

मला त्यातलं 'उपमा' आणि 'बाबा' एवढंच कळलं. जर्मनच्या मॅडम खळखळून हसल्या. मुख्याध्यापिकांनी विचारलं, "व्हॉट डिड शी से?" मॅडमनी सांगितलं, "ती म्हणते, आज सकाळी बाबांनी उपमा जाळला म्हणून मी केळं खाल्लं." मग त्यांनी आणखी प्रश्न विचारले. काही आले, काही नाही आले; जे आले ते सावकाश आले. शेवटी मुख्याध्यापिका हातातलं देठ बाजूला ठेवून म्हणाल्या, बसू दे हिला वर्गात; लेखीला जास्त वेळ देऊ, तोंडी वेगळी घेऊ. यशू उठून थेट आत्यांना बिलगली. मी विजयी मुद्रेनं माझी निवडलेली अंबाडी आत्यांच्या पिशवीत ओतली आणि कचरा कोपऱ्यातल्या डब्यात टाकला. घरी जाऊन आत्यांनी पिशवी उघडली तेव्हा कळलं की पिशवीत सगळी देठं होती. पानं मी शाळेला देऊन आलो होतो.

यशू आता कॉलेजात आहे आणि जर्मन अजून सुटलेलं नाही. वाचायला तिला आजही वेळ लागतो, मोबाईलकडून ती निम्मं वाचून घेते. आत्यांकडची शिकवणी मात्र बंद झाली. मागच्या वर्षी त्यांना मेंदूचा हलकासा झटका येऊन गेला. हातपाय ठीक आहेत, माणसं ओळखतात, ओळखून हसतात. शब्द तेवढे उशिरा येतात. मराठी असो, तेलुगू असो नाहीतर जर्मन, एखादा शब्द ओठांपर्यंत येतो आणि माघारी जातो. ज्या बाईनं खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनाही वाक्यात उभं केलं, ती खिडकीपाशी बसून स्वतःच्या वाक्याची वाट बघते, हे मला बघवत नाही. चिमटे अजून आहेत. पडद्याला, खुर्चीला, छत्रीला. ते काढू नका, असं त्यांनी हातानंच सांगितलंय.

दर रविवारी यशू जाते, कधी मीही बरोबर असतो. परवा गेलो तेव्हा आत्यांना काहीतरी सांगायचं होतं. माझ्याकडे बोट करत होत्या, ओठ हलत होते. मी नेहमीप्रमाणे मदतीला धावलो. "पाणी? औषध? पंखा वाढवू? सुजाताला फोन लावू?" आत्या मान हलवत होत्या, मी आणखी शब्द पुरवत होतो. यशूनं काही न बोलता स्वयंपाकघरातून अंबाडीची जुडी आणली, अर्धी माझ्या मांडीवर टाकली, अर्धी स्वतः घेतली आणि आत्यांकडे न बघता निवडायला बसली. मीही निवडू लागलो. बाहेर भाजीवाला ओरडून गेला, खालच्या गृहस्थांचा कुकर शिट्ट्या देऊन थंड झाला. आम्ही थांबलो होतो. पानं आणि देठं यांचे दोन ढीग वाढत होते.

मग आत्यांचा हात हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकला, टोकाला जाऊन थांबला, आणि एकेक शब्द जागेवर ठेवत त्या म्हणाल्या, "जावईबापू… तुम्ही… आजपण… देठंच… ठेवायलात."