पायरीखालचं पाणी

मागच्या महिन्यात देवणीच्या पुढच्या एका गावात मीटिंग होती. ऊन इतकं की महादेवाच्या देवळाचा मंडपसुद्धा तापलेला... तरी मंडप भरला.

ज्यांना माझं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नगरपालिकेला किंवा एखाद्या कारखान्याला कुठं काही करायचं असेल, तर आधी तिथल्या लोकांना भेटायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि वर पोचवायचं. आमची संस्था हे काम करते. मला ते आवडतं... म्हणजे, आवडायचं.

लोक आले होते ते भलत्याच आशेनं. उदगीर जिल्हा होणार अशी सगळीकडं चर्चा होती, त्यामुळे मी त्यासाठीच आले असं त्यांना वाटलं. सरपंच बसवराज अप्पांनी तर पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, आता कामाला लातूर गाठावं लागनार न्हाई ना?"

मी म्हटलं, अप्पा, विषय जिल्ह्याचा नाही. तुमच्या तलावाचा आहे.



आजूबाजूच्या गावांत पाण्याचा थेंब नव्हता. या एका तलावात थोडं पाणी टिकून होतं. उदगीर शहरात नळ कोरडे पडलेले, म्हणून नगरपालिकेला ते पाणी पाइपनं न्यायचं होतं. गावाचं मत काय, हे विचारायला मला पाठवलं होतं.

मग जे भांडण सुरू झालं ते ऊन कलेपर्यंत चाललं. पाणी द्यायचं नाही म्हणणारे जास्त होते, आणि त्यांचं चूक नव्हतं. त्या गावात घरोघरी देवणी जातीची जनावरं... पोटच्या लेकरासारखी सांभाळलेली. माणसांना टँकर येतो, जनावरांना कोण टँकर पाठवणार?

शेवटी महादेवी अक्का उठल्या. साठीच्या पुढच्या, एकट्याच राहतात, दारात दोन गाई. त्यांची लेक शहरात दिलेली.

"माझी लेक भरल्या दिसांची हाय," त्या म्हणाल्या. "नववा महिना लागलाय. घागर घेऊन टँकरच्या मागं पळायलीय. तिला पानी न्हाई म्हनू का मी? तुमच्या कुनाच्या लेकी न्हाईत का तिकडं?"

 तिथं बसलेल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी शहरात होतंच.

"द्या पानी," अक्का म्हणाल्या. "पर तळ्याच्या घाटाची शेवटची पायरी उघडी पडली की थांबा. त्याच्या खालचं मुक्या जनावरांचं. त्याला हात लावू नका."

एवढी एकच अट. सगळ्यांनी हात वर केले. अप्पांनी मला दोनदा विचारलं, "हे वर सांगनार ना मॅडम?" मी हो म्हणाले. परत येताना गाडीत माझे डोळे भरून आले होते... चांगल्या अर्थानं. तहानलेलं गाव दुसऱ्याला पाणी देतंय आणि मी ते डोळ्यांनी पाहिलंय, असं वाटत होतं.

मी अट कळवली. नुसती कळवली नाही, फोनवर फोन केले. आमचे सर खूश होते. "गावाची सहमती मिळाली, छान काम केलंस," म्हणाले. अटीबद्दल विचारलं की, "पाठवलंय ना आपण वर..."

थोड्या दिवसांनी पंप सुरू झाला. तेव्हा कळलं की पाइपचं तोंड थेट तळाशी आहे. पायरीचा वगैरे प्रश्नच नव्हता.

मी नगरपालिकेत गेले. साहेब सज्जन होते. चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही लोकांना विचारलं ना? झालं तर मग. बाकीचं सगळं मीटिंगच्या आधीच मंजूर झालंय."

चहा तसाच ठेवून उठले.

अप्पांना फोन करून खरं ते सांगितलं.  ते एवढंच म्हणाले, "बरं." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रिपोर्टमध्ये ओळ आहे, 'ग्रामस्थांनी पाणी देण्यास सहमती दर्शवली.' ती खोटी नाही... म्हणून तर खोडताही येत नाही.

काल त्याच भागातून येत होते. देवणीच्या बाजाराजवळ गर्दीत गाडी अडकली. सगळीकडं जनावरंच जनावरं, विकणारे खूप, घेणारे थोडे. त्यात महादेवी अक्का दिसल्या. दोन्ही गाईंची दावी हातात धरून उभ्या होत्या. तलाव आटला होता.

काच वर करून तोंड फिरवता आलं असतं. पण उतरले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. नुसतंच "अक्का..." म्हणाले.

त्यांनी ओळखलं. माझा हात धरला आणि शेजारी एक बाई म्हैस घेऊन उभी होती, तिला कौतुकानं म्हणाल्या, "ह्याच त्या मॅडम. पानी न्यायच्या आदी आमच्या गावाला इचारायला आल्या व्हत्या. न्हाई तर आमाला कोन इचारतंय?"

ती बाई माझ्याकडं बघून हसली. म्हणाली, "आमच्याकडं तर कुनी इचारलं बी न्हाई, मॅडम."

लेकीचं विचारलं. मुलगा झाला म्हणाल्या, दोघं बरी आहेत. मग मलाच म्हणाल्या, "तोंड सुकलंय तुझं. जेवलीस का न्हाई, माय?" त्यांच्या हातातलं दावं गाईनं ओढलं, तशा त्या तिच्याकडं वळल्या आणि तिच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. मी गाडीत येऊन बसले. रडूसुद्धा आलं नाही.

सोमवारी नायगावकडं मीटिंग आहे. तिथंही पाण्याचाच विषय. लोकांनी मोठ्या संख्येनं यावं म्हणून दवंडी द्यायला सांगितलंय...

कुणीच येऊ नये, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय.