बाईंनी लावलेल्या जोड्या

चोपड्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात माझ्याखेरीज मराठी शिकवणाऱ्या एक बाई आहेत. अकरावीच्या मुलांना दोन पुस्तकं निवडून तुलनात्मक निबंध लिहायचा असतो. मी दुष्काळावरच्या दोन कादंबऱ्या सुचवतो. मुलं मान डोलावतात आणि गुपचूप बाईंकडे जातात. बाई चष्मा कपाळावर सरकवून आधी विचारतात, "घरमा तुनं कोनासंगे पटत नही, बेटा?" सगळं ऐकून झालं की उठून कपाटातली दोन पुस्तकं काढून देतात. मला ते नाटक वाटायचं.

यंदा माझी मुलगीही त्यांच्याकडेच गेली, घरात मराठीचा मास्तर असताना. तिला मिळालं एका बापाचं आत्मचरित्र आणि एका मुलीनं वडिलांवर लिहिलेल्या कविता.

मी बाईंना गाठलं. "माझ्याविषयी काय म्हणाली ती?"

"ते तिलाच विचारा, सर," म्हणत त्या पेपर तपासू लागल्या.

माझ्याच्यानं विचारवलं नाही. पुढच्या आठवड्यात जेवताना मुलीनंच विचारलं, "पप्पा, तुम्ही आजोबांना घाबरायचात का?"

असं तिनं मला कधीच विचारलं नव्हतं. उष्टा हात वाळेपर्यंत मी बोलत राहिलो आणि ती ऐकत राहिली. बाईंचा हेवा मात्र त्या दिवसापासून जास्तच वाटू लागला.