निम्म्या टॉवरवरची जागा

"या की साहेब, जागा हाय!" असं म्हणत तात्या बाजेवर सरकायचे. एकदा सरकता सरकता पलीकडच्या कडेवरून थेट शेळीच्या अंगावर पडले, तरी तिथूनच म्हणाले, "बसा, आता तर लई जागा झाली."

कऱ्हाटीत त्यांच्या रानात आमच्या कंपनीचा मोबाईल टॉवर होता आणि मी त्याची देखभाल करणारा. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसवून घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तात्या त्या सगळ्यांचे गुरू शोभले असते.

एका उन्हाळ्यात दुसऱ्या एका कंपनीला गावात यायचं होतं. नियम सरळ होता: उभ्या टॉवरवर जागा असेल तर ती दुसऱ्यालाही द्यायची. नसेल तरच नवा टॉवर. आणि नव्यासाठी शाळेचं मैदान ठरलं होतं, जिथे तात्यांची नात आणि तिच्या मैत्रिणी खो-खो खेळायच्या.

जागा आहे की नाही, हे मी वर चढून बघायचं होतं. ऊन रणरणत होतं. मी बाजेवर बसूनच मान वर केली आणि फॉर्मवर लिहून टाकलं, 'जागा नाही'.

तात्यांनी ते वाचलं. "खालनं दिसतं व्हय?"

माझा चहा संपेपर्यंत म्हातारा धोतर खोचून टॉवरच्या शिडीवर! मी सेफ्टी बेल्ट घेऊन बोंबलत मागे. निम्म्यावर त्यांना गाठलं आणि आधी बांधून टाकलं.

"ह्ये बगा! हितं काय हाय? कायबी न्हाय! सगळं मोकळं!"

खरंच मोकळं होतं. मला लाज वाटली. तिकडे मैदानावर मुली खेळ सोडून टाळ्या पिटत होत्या.

"तात्या, आता उतरा."

"उतरतो की. पर आदी तुमी ल्ह्या."

तिथेच लटकत मी 'नाही' खोडून 'आहे' लिहिलं आणि सही ठोकली. फॉर्म नीट वाचून झाल्यावर तात्या हळूच म्हणाले, "आता खरं सांगू का साहेब? मला उतराय येत न्हाय."

'डावा पाय, तात्या, आता उजवा' करत आम्ही तासाभराने जमिनीला लागलो. हसून हसून दोघांच्याही पोटात दुखत होतं.

पुढे तात्या गेले. टॉवरवर दोन कंपन्या गुण्यागोविंदाने नांदतात, मैदानावर मुली खेळतात. मला म्हाताऱ्याची फार आठवण येते. परवा तपासणीला गेलो, पार वरपर्यंत चढलो आणि उतरून त्याच बाजेवर टेकलो.

नात चहा घेऊन आली आणि थबकली. "काका, नीट बसा की. पलीकडं शेळी हाय."

मी अगदी कडेला बसलो होतो. बाकीची बाज रिकामी होती.